विजेच्या मोटारीचे आद्य ग्राहक

नवे बियाणे, नवे औषध किंवा नवे यंत्र समाजात एकदम पसरत नाही. ते माणसांच्या निरनिराळ्या गटांतून क्रमाक्रमाने पुढे सरकते, अशी मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली केली. आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, या आधीच्या अभ्यासाचा त्यांच्या विचारावर मोठा प्रभाव होता. रॉजर्स यांच्या मते पहिले अडीच टक्के लोक धोका पत्करून प्रयोग करणारे असतात, त्यानंतरचे साडेतेरा टक्के लोक पारखून पण लवकर स्वीकार करतात, आणि या दोन गटांचा अनुभव पाहूनच उरलेला मोठा समाज निर्णय घेतो. या दोन्ही गटांना मिळून येथे ‘आद्य ग्राहक’ म्हटले आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या गेल्या पस्तीस वर्षांच्या इतिहासात या आद्य ग्राहकांचे स्थान फार मोठे आहे, कारण त्यांच्या उत्साहामुळे यंत्र सुधारत गेले. मात्र तो उत्साह जिथे संघटनेत आणि कायद्यात उतरला, तिथेच ते यंत्र समाजात रुजले.

मक्याचे नवे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याजवळ जमीन, पाणी आणि अवजारे आधीच असतात. विजेची मोटार घेणाऱ्याला मात्र गाडीबरोबर एक संपूर्ण व्यवस्था लागते: चार्जिंगची सोय, ती दुरुस्त करू शकणारे कारागीर, जुन्या बॅटरीची किंमत ठरवणारा बाजार आणि योग्य वीजजोडणी. यांतले काहीच तयार नसताना गाडी घेणारा ग्राहक या उणिवांचा भार स्वतः उचलतो. शिवाय तो किमतीचाही भार उचलतो. उत्पादनाचा एकूण आकडा दर वेळी दुप्पट होताना नगामागचा खर्च ठरावीक प्रमाणात घटत जातो, हे थिओडोर राइट यांनी विमानांच्या कारखान्यांचा अभ्यास करून १९३६ साली दाखवले होते. बॅटरीच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०१० च्या सुमारास लिथियम-आयन बॅटरीच्या संचाला दर किलोवॉट-तासामागे हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे, तो २०२४ पर्यंत सव्वाशे डॉलरच्याही खाली आला. संशोधनाइतकाच या घसरणीला वाढत्या उत्पादनाचा हातभार लागला, आणि त्या उत्पादनाला सुरुवातीची मागणी पुरवली ती चढ्या दराने गाडी घेणाऱ्यांनी.

कॅलिफोर्नियाचा अनुभव या संदर्भात सर्वांत बोलका आहे. १९८७ साली ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडणाऱ्या सौरमोटारींच्या शर्यतीत जनरल मोटर्सची ‘सनरेसर’ ही गाडी पहिली आली, आणि त्या यशातून कंपनीने विजेच्या मोटारीचा नमुना तयार करून १९९० साली लोकांपुढे मांडला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने मोठ्या मोटार कंपन्यांवर अट घातली की, १९९८ पासून त्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी दोन टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. १९९६ च्या अखेरीस जनरल मोटर्सची ‘ईव्ही-१’ ही मोटार रस्त्यावर आली. हवेचा अडथळा कमीत कमी व्हावा अशा निमुळत्या आकाराची, दोन आसनांची ही गाडी सुरुवातीला शिसे-आम्ल बॅटरीवर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला असते त्या जातीच्या बॅटरीवर, एका चार्जिंगमध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर जात असे; पुढे निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आल्यावर हे अंतर बरेच वाढले.

ही गाडी मात्र विकली जात नव्हती, ती केवळ भाडेपट्ट्याने मिळत होती. एकूण १,११७ गाड्या तयार झाल्या. त्या वापरणाऱ्यांनी रोजच्या प्रवासाची नवी शिस्त लावून घेतली, नव्या इच्छुकांना माहिती दिली आणि सरकारी सुनावण्यांत गाडीची बाजू मांडली. पुढे सरकारी अट शिथिल होत गेली, २००३ मध्ये कंपनीने हा कार्यक्रम संपवला आणि भाडेपट्ट्याची मुदत संपताच गाड्या परत घेतल्या. वापरकर्ते उरलेली रक्कम भरून गाड्या विकत घेण्यास तयार होते, २००५ मध्ये त्यांनी बरबँक येथे कंपनीच्या आवाराबाहेर दिवसरात्र पहारा दिला, तरीही बहुतेक गाड्या चिरडून भंगारात काढण्यात आल्या आणि थोड्याच संग्रहालयांना व शिक्षणसंस्थांना मिळाल्या. उत्साह, अनुभव आणि पैसा हे सारे असूनही मालकीहक्क नव्हता, आणि आधाराचे धोरणही टिकले नव्हते, म्हणून हा प्रयोग एका निर्णयाने संपू शकला. त्या चळवळीतून मात्र ग्राहकांची कायमची संघटना उभी राहिली, आणि पुढच्या पिढीच्या गाड्या आल्या तेव्हा अनुभवी, बोलका ग्राहकवर्ग तयार होता.

सौरमोटारींच्या शर्यतींचा धागा भारतापर्यंतही पोहोचतो. मिशिगन विद्यापीठाच्या सौरमोटार संघात काम केलेले चेतन मैनी यांच्या पुढाकाराने बेंगळुरूत ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार घडली आणि २००१ साली बाजारात आली. दोन प्रौढ आणि मागे दोन मुले बसतील एवढी ही गाडी एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जात असे. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी हे अंतर पुरेसे होते, पण त्या काळी भारतात अशा ग्राहकाला करसवलत, चार्जिंग केंद्रे किंवा राखीव वाहनतळ यांपैकी फारसे काही मिळत नव्हते. उलट लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर गर्दी-शुल्क लागू झाले आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली; त्यामुळे ‘जी-विझ’ या नावाने तिथे गेलेल्या याच गाडीला रोज शहरात येणारा, हिशेबी आणि उत्साही ग्राहक लाभला. तीच गाडी, तीच बॅटरी. पण धोरण बदलताच तिचे मूल्य बदलले. २०१० साली मुंबईच्या महिंद्र समूहाने या कंपनीत बहुमताचा वाटा घेतला आणि तिचा अनुभव भारतीय मोटार उद्योगाच्या मुख्य प्रवाहात आला.

आद्य ग्राहकांच्या उत्साहाचे धोरणात रूपांतर कसे होते, हे सर्वांत स्पष्टपणे नॉर्वेत दिसते. १९८९ साली ‘बेलोना’ या पर्यावरण संघटनेचे फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे कलाकार यांनी विजेवर चालेल अशी फेरबदल केलेली एक फियाट पांडा गाडी देशात आणली आणि टोलनाक्यांवर टोल न भरता ती जाणीवपूर्वक चालवली. दंड साचले, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली, आणि संघटनेने तीच पुन्हा विकत घेतली. प्रदूषण न करणाऱ्या वाहनाकडून शुल्क घेऊ नये, एवढीच या सत्याग्रहाची मागणी होती, आणि सरकारने ती टप्प्याटप्प्याने मान्य केली. १९९० साली खरेदीकर तात्पुरता आणि पुढे कायमचा रद्द झाला, १९९७ मध्ये टोलमाफी मिळाली, १९९९ मध्ये नगरपालिकांच्या वाहनतळांवरील शुल्क माफ झाले, २००१ मध्ये मूल्यवर्धित करातून सूट मिळाली आणि २००५ पासून बससाठी राखीव मार्गिका खुली झाली.

या सवलती सुरू झाल्या तेव्हा बाजारात चांगली गाडी जवळजवळ नव्हतीच. पहिल्या मालकांनी छोट्या, थंडीत लवकर दमणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षे वापरल्या, १९९५ मध्ये स्थापन झालेली आपली संघटना वाढवली, आणि सदस्यांना निरनिराळ्या कंपन्यांच्या चार्जिंग केंद्रांवर चालेल असा एकच ओळख-बिल्ला मिळवून दिला. सदनिकांच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाने चार्जिंगची सोय मागितली तर व्यवस्थापनाला सबळ कारणाशिवाय नकार देता येऊ नये, अशी तरतूदही तिथल्या कायद्यात झाली. म्हणूनच २०११ नंतर लिथियम-आयन बॅटरीच्या दमदार गाड्या आल्या तेव्हा त्यांना तयार जमीन मिळाली, आणि २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. त्या देशाची बहुतांश वीज जलविद्युत आहे आणि पेट्रोल गाड्यांवरील कर आधीपासूनच जड होता, या अनुकूल गोष्टीही विसरता येणार नाहीत. पण या गोष्टींचा लाभ उठवण्याइतके दीर्घ आणि स्थिर धोरण हे संघटित मालकांच्या पाठपुराव्याचे फळ होते.

मालकांच्या सामूहिक नोंदींचे महत्त्व अमेरिकेतील फीनिक्स शहरात दिसले. या वाळवंटी शहरात निसान कंपनीच्या ‘लीफ’ या गाडीच्या मालकांना २०१२ च्या सुमारास बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटत असल्याचे जाणवले. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव फिरवणारी यंत्रणा नव्हती, आणि उष्णतेने लिथियम-आयन घटातील रासायनिक झीज वेगाने होते. मालकांनी अनेक गाड्या एकत्र आणून, सारख्या वेगाने चालवून, प्रत्येकीने कापलेले अंतर मोजले. एका ग्राहकाच्या तक्रारीचे रूपांतर पुराव्यात झाले, आणि त्यानंतर कंपनीने बॅटरीच्या क्षमतेची हमी देऊ केली व उष्णता अधिक सोसणारी बॅटरी आणली. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात गाडी वापरणाऱ्यांसाठी हा धडा थेट उपयोगाचा आहे: गाडी निवडताना बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा पाहावी, गाडी शक्यतो सावलीत ठेवावी, आणि उन्हात पूर्ण चार्ज करून ती दिवसचे दिवस उभी ठेवू नये.

भारतात खासगी मोटारींच्या बाबतीत आद्य ग्राहकांचा टप्पा खऱ्या अर्थाने २०१९-२० मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन ईव्ही’ आली, जिची निर्मिती पुण्याजवळच्या रांजणगावात होत असे. तिच्या बॅटरीची क्षमता ३०.२ किलोवॉट-तास होती, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सुमारे ३० युनिट. घरातील पंधरा अँपियरच्या प्लगमधून तासाला जेमतेम तीन युनिट वीज मिळते, म्हणून अशी गाडी भरण्यास संपूर्ण रात्र लागते. चाचणी प्रमाणपत्रात तिचे अंतर ३१२ किलोमीटर होते, तर प्रत्यक्ष रस्त्यावर ते बऱ्याच मालकांना दोनशेच्या आसपास मिळत असे, कारण प्रयोगशाळेतील चाचणीत महामार्गाचा वेग, वातानुकूलन आणि घाट यांचा पूर्ण भार येत नाही.

घाटाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. दीड टन वजनाची गाडी ५०० मीटर उंच नेण्यास, म्हणजे साधारण बोरघाट चढण्यास, निव्वळ उंचीपायी दोन युनिट वीज लागते. उतरताना मात्र मोटर जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग आवरते आणि त्या विजेचा मोठा भाग बॅटरीत परत भरते. याला पुनरुत्पादी ब्रेक म्हणतात. पुण्याहून मुंबईला जाताना आणि मुंबईहून पुण्याला येताना बॅटरी सारखी खर्च होत नाही, ती यामुळेच. अशी माहिती पहिल्या मालकांनी एकमेकांना पुरवली आणि अंतराविषयीची धास्ती हळूहळू अंदाजात बदलली.

पर्यावरणाच्या दाव्याचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भारतातील वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर किलोमीटरला १५ युनिट लागतील अशी गाडी चार्जिंगमधील गळती धरून ११ ते १२ किलो कार्बनला कारणीभूत ठरते, तर लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात सुमारे १५ किलो कार्बन सोडते. बॅटरी बनवतानाचा कार्बनही यात मिळवावा लागतो. म्हणजे आजचा फायदा खरा असला तरी मर्यादित आहे. छतावर सौरपॅनेल असलेल्या घरात तो अनेक पटींनी वाढतो, आणि वीजनिर्मिती जसजशी स्वच्छ होईल तसतशी जुनी गाडीही आपोआप स्वच्छ होत जाईल, जे पेट्रोल गाडीच्या बाबतीत कधीच घडत नाही. रहदारीच्या रस्त्यांवर राहणाऱ्या माणसांच्या श्वासातून एका नळीचा धूर मात्र आजच कमी होतो.

महाराष्ट्राने २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० विजेच्या मोटारींना बॅटरीच्या क्षमतेनुसार अनुदान देऊ केले, आणि २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफी जाहीर केली. नॉर्वेने १९९७ मध्ये उचललेले पाऊल इथेही पडले, हे समाधानाचे आहे. मात्र नॉर्वेचा अनुभव असेही सांगतो की टोलमाफीइतकेच निर्णायक असते ते घराजवळचे चार्जिंग, आणि मुंबई-पुण्यात ते गृहनिर्माण संस्थेच्या हातात आहे. वाहनतळावर स्वतंत्र मीटर, वायरिंगची सुरक्षित क्षमता, भाराची विभागणी आणि खर्चाची वाटणी यांविषयी संस्थेने सर्वसाधारण सभेत एकदा नियम ठरवले, तर प्रत्येक नव्या मालकाला ना हरकत प्रमाणपत्रासाठी नव्याने झगडावे लागणार नाही. आजच्या मालकांनी आपल्या वीजवापराच्या, बॅटरीच्या झिजेच्या आणि बंद पडलेल्या चार्जिंग केंद्रांच्या नोंदी एकत्र करून त्या सरकारपुढे व कंपन्यांपुढे ठेवल्या, तर त्यांच्या उत्साहाचा लाभ त्यांच्यापुरता राहणार नाही. साधी, स्वस्त आणि खात्रीची विजेची मोटार पुढे जो घेईल, त्याच्या सोयीची किंमत आद्य ग्राहक आज भरत आहेत. त्या किमतीचे चीज करण्याची जबाबदारी संस्थांची, कंपन्यांची आणि शासनाची आहे.