स्वस्त औषधाच्या संशोधनात भांडवल कोण घालणार?

माल स्वस्त आणि गुणकारी असला की त्याला गिऱ्हाईक मिळतेच, असे आपण व्यापारी मानतो. औषधांच्या बाजारात मात्र उलटाही प्रकार घडतो. एखादे जुने औषध इतके स्वस्त असते की ते कर्करोगावर चालते की नाही, हे तपासण्यासाठी कोणी पैसाच काढत नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे हेच औषध गाठीभोवती टोचले तर काय होते, याची चाचणी टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सुरू केली. देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांना तीत घेतले गेले. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत 86.6 टक्के, तर न घेतलेल्यांत 82.6 टक्के होते. म्हणजे शंभरामागे चौघींचा फायदा, आणि औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत!

विहीर एकाची, पाणी सर्वांचे

मग औषध कंपन्या अशा कामात का उतरत नाहीत? हिशेब सरळ आहे. नव्या औषधावर 20 वर्षांचे पेटंट मिळते. त्या मुदतीत मक्तेदारीच्या भावाने चाचण्यांचा खर्च वसूल होतो. जुने औषध कोणीही बनवू शकतो. एका कंपनीने चाचणीवर कोट्यवधी खर्च करून गुण सिद्ध केला, तर दुसऱ्या दिवशी शेजारचा कारखानदार तेच औषध त्याच भावात विकणार. विहीर एकाने खणायची आणि पाणी साऱ्या मोहल्ल्याने भरायचे!

आपल्या पेटंट कायद्याचे कलम 3(डी) ज्ञात औषधाच्या केवळ नव्या उपयोगाला पेटंट देत नाही. हे कलम गरिबांच्या हिताचेच आहे. त्याने भाव आटोक्यात राहतात. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली स्थापन केलेल्या सिप्लाने 2001 मध्ये एड्सची औषधे वर्षाला 350 डॉलरांत देऊ करून जगाला स्वस्ताईचा धडा दिला. परंतु सिद्ध झालेले औषध स्वस्त करणे वेगळे आणि स्वस्त औषध सिद्ध करणे वेगळे. दुसऱ्या कामात नफा नाही.

तोटाही धरून चालावे

प्रत्येक चाचणी यशस्वी होते असेही नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दल मोठ्या आशा होत्या. स्तनाचा कर्करोग झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर तिची चाचणी झाली. रोग परतण्याचे प्रमाण घटले नाही, असे 2022 मध्ये जाहीर झाले. हा पैसा वाया गेला असे आम्ही मानत नाही. निरुपयोगी गोळ्या घेण्यापासून रुग्ण वाचले. चाचणी न झाल्यास अफवांचा धंदा चालतो. 2007 साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने डीसीए या स्वस्त रसायनाचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष मांडले, तेव्हा काही रुग्णांनी चाचणीची वाट न पाहता ते परस्पर मागवून घेतले.

आपण काय करावे?

भिवंडी-मालेगावच्या कारागिराच्या घरात कर्करोग शिरला की आधी दागिने जातात, मग यंत्रमाग जातो. रुग्णाच्या बिलाला मदत करणारे हात मिल्लतमध्ये आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण बिल एका रुग्णाचे फिटते. सिद्ध झालेले स्वस्त औषध हजारोंचे बिल कमी करते.

मदिन्यात हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. जिथे नफ्याचा व्यापार थांबतो, तिथे वक्फ आणि सदका-ए-जारियाचे काम सुरू होते. जकातीचा पैसा अशा कामी लागेल की नाही, हे उलेमांनी सांगावे. ऐच्छिक सदक्याला मात्र वाट मोकळी आहे. व्यापारी संघटनांनी वर्षाकाठी थोडी रक्कम बाजूला काढून विश्वासू कर्करोग रुग्णालयाच्या संशोधन निधीला द्यावी.

देताना व्यापाऱ्याची चौकस नजर ठेवावी. चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे काय? नैतिकता समितीची मंजुरी आहे काय? निकाल उलटा लागला तरी तो प्रसिद्ध करणार काय? तिन्ही उत्तरे 'होय' असतील तरच गल्ला उघडावा. आणि चाचणीविना हमखास गुणाचा दावा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.