नळीवाटे वरणभात

पोटाला भोक पाडून त्यातून मुलाला जेवण द्यायचं, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणाही आईच्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे हे घडलं त्याला आता तीन वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला नीट गिळता येत नाही. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळतो. एकेक जेवण दीड-दीड तास चालायचं, तरी दर हिवाळ्यात न्यूमोनिया ठरलेला. वजन ११ किलोच्या पुढे सरकेना. ‘तोंडानं जेवतोय ना, मग नळी कशाला?’ असं विचारणारे नातेवाईक त्या दीड तासात कधी शेजारी बसलेले नसत, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

खरं तर हा प्रकार काही अघोरी नव्हे. पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने अशी नळी बसवण्याची पद्धत १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या गाउडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी प्रथम वापरली, आणि तीही एका तान्ह्या मुलावर.

नळी बसली. पण तिच्यातून द्यायचं काय? डब्यातली तयार पावडर सोयीची असते, मोजूनमापून केलेली असते. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तिचा महिन्याचा खर्च आमच्या घरभाड्याला भिडला. शिवाय घरात सगळे पिठलं-भात खाताहेत आणि हा एकटा डब्यातलं घेतोय, हे मनाला पटेना. आहारतज्ज्ञ बाईंनी वही घालायला लावली आणि आम्ही घरच्या जेवणाकडे वळलो.

सगळं अडतं ते घट्टपणापाशी. त्याची नळी १४ फ्रेंचची. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे बाहेरून मोजली तरी पाच मिलिमीटरही नाही. मऊ भात मिक्सरमधून काढला तर गरम असताना ओघळतो, निवला की त्याची खळ होते. पाणी घालून सैल करावा, तर पोट पाण्यानंच भरतं आणि मूल उपाशी राहतं.

यावरचा उपाय आजीच्या डब्यात होता. नाचणीला मोड आले की तिच्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिठूळपणा तोडतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बाळांच्या लापशीसाठी याचाच अभ्यास केला होता. नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, मंद भाजायचे, मोड चोळून काढायचे आणि दळायचं. शिजलेलं अन्न खाली उतरवून, उकळी शमली की पण चांगलं गरम असतानाच, यातलं चमचाभर पीठ घालून ढवळत राहायचं. पाच-दहा मिनिटांत खळीची पेज होते! उकळत्यात घातलं तर विकर मरतं. पातळ झाल्यावर मात्र पुन्हा एक उकळी द्यावीच.

दुपारचं जेवण असं: तांदूळ ४० ग्रॅम, मूगडाळ २० ग्रॅम, लाल भोपळ्याची फोड, दोन छोटे चमचे तेल. सगळं मिळून ३०० मिलिलिटर करायचं. म्हणजे मिलिलिटरला साधारण एक कॅलरी पडते. सासूबाईंचा आग्रह तुपाचा. तूप उत्तमच, पण थंडीत ते नळीत थिजतं. शेवटी उन्हाळ्यात तूप, हिवाळ्यात तेल असा तह झाला. मोहरी, टोमॅटोची बी, शेवग्याचे दोर हे आमचे शत्रू. म्हणून सगळं बारीक गाळणीतून जातं. आधी आणि नंतर नळीत पाणी सोडायचं. बाहेर राहिलेलं अन्न दोन तासांनी फेकायचं, फ्रिजमधलं चोवीस तासांनी. जेवताना आणि नंतर अर्धा तास त्याला टेकवून बसवायचं. नाकातल्या बारीक नळीतून किंवा लहान आतड्यात सोडलेल्या नळीतून मात्र हे जेवण देऊ नये, आणि डॉक्टर व आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तर सुरूच करू नये.

आज त्याचं वजन १७ किलो आहे. न्यूमोनिया पूर्ण थांबला असं नाही. पोटातलं कधीकधी वर येतंच. पण मागचे दोन हिवाळे रुग्णालयात जावं लागलं नाही. आणि दुपारचे ते दीड-दीड तास मोकळे झाले, त्यात आम्ही दोघं गाणी ऐकतो.

गेल्या गणपतीत मोदकाचं काय करावं हा पेच पडला. खोबऱ्याचा चोथा नळीत अडकतो. मग नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाची उकड एकत्र फिरवली. भाचीनं विचारलं, ‘मावशी, त्याला चव कळते का गं?’ पोटाला चव कळत नाही. पण ढेकर आली की गुळाचा वास तोंडाशी येतो. त्याला ढेकर आली, तशी ती त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘कळली!’

सध्या गाडी अडली आहे ती शाळेत. डब्यातली पावडर द्यायला त्यांची हरकत नाही, घरचं जेवण म्हटलं की जबाबदारी कुणाची, असं विचारतात. तिथल्या मदतनीस ताई शिकायला तयार आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी दिली आहे. सोमवारी मी पिंप, गाळणी आणि ६० मिलिलिटरची सिरिंज घेऊन जाणार आहे, त्यांच्यासमोर एक जेवण देऊन दाखवायला.