काजळीचा मागोवा

मराठी घरात तान्ह्या मुलाच्या गालावर तीट लावतात ती त्याला दृष्ट लागू नये म्हणून. दिव्याच्या ज्योतीवर धरलेली काजळी आईच्या बोटाने लेकराच्या रक्षणार्थ लागावी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. अमेरिकेतील बंबवाल्यांनीही काजळीला मान दिला, परंतु त्यापायी त्यांच्यावर जे ओढवले त्याचा मागोवा घेताना मन विषण्ण होते. आगीतून परतलेल्या जवानाचे शिरस्त्राण जितके काळे तितका तो कसलेला, आणि ज्याचा अंगरखा स्वच्छ तो कालपरवा भरती झालेला, अशी त्यांच्या ठाण्यांतून समजूत होती. ‘धूर खाणारे’ हे बिरुद ते अभिमानाने मिरवीत.

वस्तुतः काजळीविरुद्धचा पुरावा वैद्यकाच्या दफ्तरी फार पूर्वीच दाखल झालेला होता. धुराडी साफ करण्यासाठी ज्या पोरांना कोवळ्या वयात त्या अरुंद पोकळीत चढविले जाई, त्यांना पुढे जो अंडकोशाचा कर्करोग जडे, तो त्वचेच्या वळ्यांत रुतून राहिलेल्या काजळीमुळे होय, असे लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली नमूद करून ठेवले. 1915 मध्ये जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना दगडी कोळशाचे डांबर पुनःपुन्हा लावून कर्करोग उत्पन्न केला, आणि 1933 मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्याच डांबरातून बेंझोपायरीन हे कर्कजनक द्रव्य वेगळे काढले. धुराड्यातील काजळी जर घातक, तर जळत्या घरातील काजळी निरुपद्रवी कशी, हा साधा प्रश्न मात्र बंबवाल्यांच्या बाबतीत फार उशिरा विचारला गेला.

याचे एक कारण मला असे दिसते की, या पेशातील मृत्यू म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर ज्वालाच येतात. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत कापूस आणि दारूगोळा वाहणारे ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज स्फोटाने फुटले, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर पाळला जातो, हे सर्वथा उचित आहे. परंतु जो जवान आगीतून धडधाकट परततो, यथाकाल निवृत्तिवेतन घेऊ लागतो आणि मग मूत्राशयाच्या कर्करोगाने जातो, त्याचे नाव कोणत्या शिळेवर कोरावे? न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 रोजी दहशतवादी हल्ल्यात जुळे मनोरे कोसळले, त्या एका दिवसात 343 जवान गेले. मागे राहिलेल्या ढिगाऱ्यातील धूळ आणि धूर ज्यांच्या देहात मुरला होता, त्यांच्यापैकी तज्जन्य रोगांनी मरण पावलेल्यांची संख्या सप्टेंबर 2023 मध्ये त्याच आकड्याला येऊन भिडली.

भरपाई मागायला गेलेल्या आजारी जवानाला विचारले जाई की, शेकडो आगींपैकी नेमक्या कोणत्या आगीने तुला हा रोग दिला ते सिद्ध कर. आणि हे सिद्ध करणे तर मनुष्याच्या आवाक्यातलेच नव्हते. 1982 साली कॅलिफोर्निया राज्याने कायद्याने हे ओझे जवानाच्या माथ्यावरून पुष्कळसे उतरविले आणि कर्करोग नोकरीतूनच उद्भवला असे गृहीत धरण्याची तजवीज केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील तो सर्वांत न्याय्य क्षण होय, कारण तेथे शास्त्राचा अंतिम निकाल लागण्याची वाट न पाहता माणसाची बाजू घेतली गेली. शास्त्राची पावले सावकाश पडत होती. शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे 30,000 जवानांच्या 1950 ते 2009 पर्यंतच्या नोंदी तपासल्यावर 2013 मध्ये असे आढळले की, सामान्य जनतेच्या मानाने त्यांच्यात कर्करोग 9 टक्क्यांनी आणि कर्करोगाचे मृत्यू 14 टक्क्यांनी अधिक होते. जुन्या इमारतींतील ॲस्बेस्टॉसशी निगडित असा फुप्फुसावरणाचा कर्करोग तर दुपटीच्या घरात होता. लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये या पेशाविषयी केवळ शक्यता व्यक्त केली होती. जून 2022 मध्ये तिने हा पेशाच मनुष्यास कर्कजनक असल्याचा निर्वाळा दिला.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती ज्वाला शमल्यानंतरची वेळ. पाठीवरची हवेची टाकी जड असते, अंग घामाने चिंब झालेले असते, धूर विरळ दिसू लागतो, आणि जवान सुटकेचा श्वास घेत तोंडावरचा मुखवटा उतरवून कुऱ्हाडीने धुमसती लाकडे, गाद्या, प्लास्टिकच्या वस्तू उपसू लागतो. तो सुटकेचा श्वासच त्याचा घात करीत असतो. शिवाय विष केवळ नाकावाटे जाते असेही नाही, कारण शिरस्त्राण आणि अंगरख्याची कॉलर यांच्या मधोमध मानेची जी बोटभर पट्टी उघडी पडते, तेथे काजळी घामाबरोबर बसते आणि तापलेल्या कातडीतून आत झिरपते. तोच अंगरखा मग बंबाच्या केबिनमध्ये शेजारी ठेवून परतायचे, आणि ठाण्यात झोपण्याच्या खोलीलगत टांगायचा, ही वहिवाट अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आली.

ही वहिवाट मोडण्यात स्वीडनमधील शेलेफ्टिओ या लहानशा गावचे दल अग्रेसर ठरले: मळलेला पोशाख आगीच्या जागीच उतरवून हवाबंद पिशवीत घालावा, माणसांपासून वेगळा न्यावा, आणि धुतल्यावाचून पुन्हा अंगावर चढवू नये, असा दंडक त्यांनी घालून घेतला. स्मशानातून आल्यावर स्नान केल्याशिवाय आपण घरात पाऊल टाकीत नाही. आगीवरून परतणाऱ्यासाठी तोच आचार तेथे रुजला. अमेरिकेत केलेल्या चाचण्यांत नुसत्या कोरड्या ब्रशाने पोशाख झटकला असता त्यावरील कर्कजनक गटातील द्रव्ये 23 टक्क्यांनीच घटली, परंतु साबण-पाण्याने तो जागच्या जागी घासला असता 85 टक्क्यांनी घटली; आणि मानेवरून ओले पुसणे फिरविले तेव्हा तेथील निम्म्याहून थोडी अधिक काजळी त्या कापडावर उतरली, उरलेली तशीच कातडीवर राहिली.