नावात ॲसिड, म्हणून चिंच बंद?

साठी ओलांडलेले एक काका लॅबमधून रिपोर्ट घेऊन घरी येतात. 'ॲसिड फॉस्फेटेज' या ओळीसमोरचा आकडा ठळक छापलेला असतो. झालं! त्याच दिवसापासून लिंबू बंद, ताक बंद, आमटीतली चिंचही बंद. 'अंगात ॲसिड वाढलंय' असं निदान शेजारच्या काकू करतात, व्हॉट्सॲपवरचा एखादा संदेश त्यावर शिक्का मारतो आणि आठवड्याभरात 'अल्कलाइन' पाण्याच्या बाटल्या घरात येऊन पडतात. त्या आकड्याचा पित्ताशी काडीचाही संबंध नसतो. पण ते ऐकून घ्यायला कुणी तयार असेल तर ना!

ॲसिड फॉस्फेटेज हे आम्ल नव्हे. ते विकर आहे, म्हणजे एन्झाइम. एखाद्या रेणूला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा सोडवणं हे त्याचं काम. सामू ५च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी वातावरणात, ते सर्वांत जोमाने चालतं म्हणून नावात 'ॲसिड' आलं. विकराला काम करायला कुठलं वातावरण मानवतं, एवढंच त्या शब्दातून कळतं. ते आम्ल तयार करतं असा त्याचा अर्थ नाही. त्याचं भावंड अल्कलाइन फॉस्फेटेज यकृताच्या तपासणीत नेहमी दिसतं. ते वाढलं म्हणून 'अंगात सोडा वाढला' असं कुणी म्हणत नाही!

मुळात रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि तो तिथे ठेवण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. लिंबू खाल्ल्याने किंवा बाटलीतलं पाणी प्यायल्याने तो पट्टा हलत नाही. ॲसिड फॉस्फेटेजला हवं असलेलं आम्लधर्मी वातावरण शरीरात ठराविक कोपऱ्यांतच असतं. पेशीतला कचरा जिथे पचवला जातो ती लयकारिका हा त्यातला एक. दुसरा हाडात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड झिजवताना हाडाला घट्ट चिकटून बसतात आणि खालच्या बंदिस्त फटीत आम्ल सोडतात. ॲसिड फॉस्फेटेजचा एक प्रकार याच पेशींत भरपूर सापडतो.

खरी गंमत लॅबमध्ये आहे. रक्त नळीत काढून त्यातला द्रव वेगळा केला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो आणि हे विकर हळूहळू मंदावतं. ते टिकावं म्हणून तंत्रज्ञ नमुन्यात मुद्दाम थोडं आम्ल मिसळतात. म्हणजे ज्या रिपोर्टवरून 'ॲसिड वाढलं' म्हणून घबराट उडते, त्या नमुन्यात आम्ल लॅबनेच घातलेलं असू शकतं.

आणि ती चिंच! तिच्या आंबटपणामागे मुख्यतः टार्टारिक आम्ल असतं. त्याच आम्लाचा क्षार, टार्ट्रेट, या तपासणीत उपयोगी पडतो. टार्ट्रेट घातलं की पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं ॲसिड फॉस्फेटेज थांबतं, हाडातलं थांबत नाही. टार्ट्रेटशिवाय आणि टार्ट्रेट घालून अशी दोनदा मोजणी करून वजाबाकी केली की रिपोर्टवर 'प्रोस्टॅटिक' असा वेगळा आकडा येतो. यावरून चिंच खाऊन प्रोस्टेट बरं होतं, असा नवा संदेश मात्र कुणी पाठवू नये. हे सगळं काचेच्या नळीत घडतं.

आता बाकीचे गैरसमज भराभर.

'वाढलं म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोगच.' नाही. पॅजेट या हाडांच्या आजारात आणि गोशे या आनुवंशिक आजारातही ते वाढतं. लाल पेशींतही ते असतं, त्यामुळे नमुना हाताळताना त्या फुटल्या तरी आकडा फुगतो.

'नॉर्मल आलं, म्हणजे कर्करोग नाही.' हा समज जास्त धोकादायक. प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कर्करोगात हा आकडा बहुधा सरळच असतो. म्हणून १९८०च्या दशकानंतर पीएसए या प्रोस्टेटच्याच दुसऱ्या प्रथिनाच्या चाचणीने त्याची जागा घेतली.

'हे पुरुषांचंच विकर.' प्रोस्टेटमध्ये ते मुबलक असतं, पण हाडं आणि लाल पेशी बायकांनाही असतात.

'चाचणीत जांभळा रंग आला, गुन्हा सिद्ध.' न्यायवैद्यक तपासात वीर्याचा डाग शोधायला हे विकर वापरतात, पण रंग येणं ही फक्त शक्यता. योनीस्रावातही ते थोडं असतं. त्यामुळे पुढे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात किंवा पीएसए तपासावं लागतं.

'म्हणजे हे विकर आता अडगळीत.' तसंही नाही. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी पुरुषी संप्रेरकांचा पुरवठा तोडला की रक्तातलं हेच विकर घसरतं, हे दाखवून प्रोस्टेटच्या कर्करोगावर संप्रेरक-उपचारांचा रस्ता उघडला. १९६६चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. १९७१ साली 'हेअरी सेल' या विरळ रक्तकर्करोगाच्या पेशी टार्ट्रेटला न जुमानणाऱ्या प्रकारावरून ओळखता येऊ लागल्या. आणि २०१०मध्ये अमेरिकेत सिपुल्यूसेल-टी या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढतात, प्रोस्टेटच्या ॲसिड फॉस्फेटेजची त्यांना ओळख करून देतात आणि कर्करोगाशी लढायला परत शरीरात सोडतात.