गाडी विजेची, हिशेब दोघांचा

मध्यमवर्गीय घरात फ्लॅटनंतरची सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे चारचाकी. आता शोरूममध्ये पेट्रोल आणि सीएनजीच्या शेजारी विजेवरची गाडी उभी असते, आणि घराघरात एक नवा वाद रंगतो. एकजण म्हणतो, "पेट्रोलचा खर्च वाचेल, गाडी फुकटात पडेल." दुसऱ्याचं म्हणणं, "आधीच तीन-चार लाख जास्त मोजायचे आणि मग वाचवायचं कसलं? आणि चार्जिंग कुठं करणार?" दोघंही आकड्यांत बोलतात, म्हणून हा व्यवहाराचा वाद वाटतो. खरं तर या एका किमतीत दोन वेगळे खर्च मिसळलेले असतात. एक भाग गरजेचा असतो आणि तो किलोमीटरमागे मोजता येतो. दुसरा भाग हौसेचा असतो. नवं तंत्रज्ञान, आवाज न करता निघणारी गाडी, मोठा पडदा, बिल्डिंगमध्ये पहिली आणल्याचं समाधान हे सगळं त्यात येतं. हौस वाईट नाही, पण तिला बचतीचे कपडे चढवले की भांडण सुरू होतं. हे दोन भाग वेगळे केले आणि दोघांनी एकत्र बसून मोजले, तर निर्णय बराच सोपा होतो.

आधी गरजेचा भाग. उदाहरणापुरते काही आकडे धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरातल्या गर्दीत लिटरमागे १४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ रुपये ४० पैसे. विजेवरची मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, युनिटमागे साडेसहा किलोमीटर जाते असं मानू. घरच्या मीटरवर सरासरी १२ रुपये युनिट धरलं तर किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपये. फरक साधारण साडेपाच रुपयांचा. रस्त्यावर येईपर्यंत विजेवरची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडत असेल, आणि या तीन लाखांवर नऊ टक्के व्याज असेल, तर पहिल्या वर्षीचं व्याजच २७ हजार होतं. आता धावण्याचा आकडा घाला. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराचे ते तीन लाख व्याजासकट सव्वातीन वर्षांत वसूल होतात. १२ हजार किलोमीटरवाल्यांना जवळजवळ सहा वर्षं लागतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवार आणि सणासुदीला बाहेर पडणाऱ्या घराची बचत जेमतेम साडेतेहतीस हजार, आणि त्यातलेही सत्तावीस व्याजातच जातात. हे घर एकोणीस वर्षांनी बरोबरीला येईल, तोवर गाडी कधीच बदललेली असेल. गाडी तीच, किंमत तीच, पण एका घरात ती शहाणपणाची गुंतवणूक आहे आणि दुसऱ्या घरात शंभर टक्के हौस. म्हणून चर्चेची सुरुवात कंपनीच्या माहितीपत्रकापासून न करता जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या काट्यापासून करावी. गेल्या दोन सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात. वजाबाकी करायला पाच मिनिटं पुरतात.

सरकारी सवलतींचा इथे हमखास उल्लेख होतो, आणि तिथेच हिशेब फुगतो. विजेवरच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा करही २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. छोट्या गाड्यांच्या बाबतीत करातलं अंतर त्यामुळे बरंच कमी झालं, आणि दोन वर्षांपूर्वी मित्राने केलेला हिशेब आज तसाच लागू पडत नाही. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर बसतो, विजेवरच्या गाडीला त्यातून सूट आहे. पण ही सूट ऑन-रोड किमतीत आधीच धरलेली असते. तिला पुन्हा 'वाचलेले पैसे' म्हणून मोजणं म्हणजे एकच रुपया दोनदा खर्चायला काढणं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं आयकरातलं ८०ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं, तरी विक्रेत्यांच्या बोलण्यात ते अधूनमधून डोकावतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गावर एका फेरीचे ३२० रुपये वाचतात. महिन्यातून एकदा जाऊन येणाऱ्याला वर्षाला साडेसात हजारांच्या वर फायदा होतो. पण जे घर मुंबई-पुणे क्वचितच करतं, त्याच्या हिशेबात हा आकडा शून्यच धरायला हवा.

चार्जिंगचा प्रश्न बहुतेक घरांत 'किती वेळ लागतो' असा विचारला जातो. विचारायला हवं ते 'कुठे होतं'. घरच्या चार्जिंगला वेळ लागतो, पण तो आपण झोपलेले असताना जातो. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे रोजचे तेहतीस, म्हणजे जेमतेम पाच युनिट. १६ अँपिअरच्या साध्या प्लगवर, सव्वातीन किलोवॅटच्या वेगाने, हे काम दीड तासात होतं. रात्रभर गाडी लावून ठेवली तर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची वीज भरून निघते. अडचण प्लगची नाही, प्लगपर्यंत वायर नेण्याची आहे. मीटर रूम एका विंगखाली, पार्किंग तिसऱ्या विंगमागे, मधली वायर कुणाच्या खर्चाने आणि कुठून जाणार, मंजूर भार पुरेल का, कमिटी एनओसी कधी देणार, या प्रश्नांत कित्येक खरेद्या अडकून पडतात. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, पण सोसायटीची सभा नियमांच्या वेगाने चालत नाही. घरच्या मीटरवरून चार्ज करायचं तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घरात गाडीची दीडशे युनिट आली की वापर तीनशेच्या वर जातो, आणि तिथून पुढच्या युनिटांचा दर चढा असतो. जिथे घरी सोयच नाही आणि सगळी भिस्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर आहे, तिथे युनिटला २२ रुपये धरले तर किलोमीटरचा खर्च जवळपास साडेतीन रुपयांवर जातो आणि बचत चार रुपयांवर येते. वर रांगेतला वेळ वेगळाच. म्हणून बुकिंगच्या पैशांआधी एनओसी हातात हवी. हा क्रम उलटा झाला की पुढचे सहा महिने घरात तोच विषय राहतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो सीएनजीचा. किलोला ८० रुपये आणि २२ किलोमीटर धरले तर सीएनजी गाडी किलोमीटरला ३ रुपये ६० पैशांत धावते. तिच्याशी तुलना केली की विजेची बचत पावणेदोन रुपयांच्या आसपास उरते, आणि तीन लाखांचा फरक भरून काढायला व्याज न धरताही पावणेदोन लाख किलोमीटर लागतात. पैशाच्या हिशेबात हा आक्षेप खोडता येत नाही, तो मान्यच करावा लागतो. सीएनजीत डिकीतली जागा जाते, पंपावर रांग असते, चढाला जोर कमी पडतो. या गैरसोयी टाळण्यासाठी जास्त पैसे मोजणं गैर नाही, पण त्याला आराम म्हणावं, बचत म्हणू नये. दुसरा आक्षेप बॅटरीचा. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी आता सर्रास मिळते. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून लांब हमी देतात, पण गाडी विकली की ती जशीच्या तशी पुढच्याकडे जातेच असं नाही. क्षमता किती टक्क्यांखाली घसरली तर बॅटरी बदलून मिळेल, ते वाक्य हमीपत्रात शोधून दोघांनी वाचावं. देशात २०२४-२५ मध्ये विजेवरच्या मोटारी लाखाहून थोड्या अधिक विकल्या गेल्या, शंभरात अडीचच्या आसपास. त्यामुळे जुन्या गाड्यांचा बाजार अजून पातळ आहे आणि विकताना काय हाती येईल याचा भरवसा कमी. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी हा तोटा हिशेबात धरलाच पाहिजे, दहा वर्षं वापरणाऱ्यांना तो तितका जाणवणार नाही. बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. त्यात वीज मिळवली की खर्च सव्वापाच रुपयांच्या वर जातो. सुरुवातीला खिशातून कमी जातं, पण किलोमीटरमागची बचत दोनच रुपये उरते.

पर्यावरणाचा मुद्दा बहुधा दोघांपैकी एकाच्या मनात जास्त असतो, आणि तोही प्रामाणिकपणे मोजायला हवा. गाडीतून धूर निघत नाही हे खरं, आणि कोंडीच्या शहरात त्याचं मोल मोठं आहे. पण आपल्या विजेचा बहुतांश भाग अजून कोळशातून येतो आणि एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने विजेची गाडी किलोमीटरला एकशे दहा ग्रॅमच्या आसपास पडते, पेट्रोलची नुसत्या धुरातून दीडशेच्या पुढे. फायदा आहे, पण बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण आधी फेडायचं असतं, आणि तेही धावण्यावरच अवलंबून. बंगला किंवा स्वतःचं छप्पर असणाऱ्याने सोलर बसवलं तर चित्र पालटतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान आहे. पण चालू असलेली धडधाकट गाडी काढून टाकून केवळ निसर्गासाठी नवी घेतो, हा युक्तिवाद लटका आहे. थांबायलाही कारण आहे. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत बॅटरीची किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. ज्यांची गाडी आणखी तीन वर्षं नीट चालेल, त्यांचं थांबण्यात नुकसान नाही.

आता हौसेचा भाग. तो मोजता येत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. क्लच-गिअरच्या कंटाळ्याने गाडी चालवणं सोडून दिलेल्या बायकोच्या हातात पुन्हा स्टिअरिंग येणार असेल, तर त्याची किंमत किलोमीटरमागे काढता येत नाही. (अर्थात त्यासाठी पेट्रोलमध्येही ऑटोमॅटिक मिळते, हेही बोलावं.) अडचण वेगळी आहे. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल या अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हात आखडता असणारे आणि सढळ हाताचे लोक बऱ्याचदा एकमेकांशीच लग्न करतात, आणि हा फरक जितका जास्त तितके पैशांवरून खटके जास्त. आपल्याकडे लग्न जमण्याची रीत वेगळी असली तरी खटक्यांची जात ओळखीची आहे. सढळ माणूस हौसेला हिशेबाचा मुलामा देतो, कारण 'मला आवडली' हे कारण घरात पुरेसं मानलं जाणार नाही अशी त्याला धास्ती असते. आखडता माणूस आपल्या नकाराला चार्जिंगच्या शंकांचा आधार देतो, कारण 'मला एवढा पैसा जाताना बघवत नाही' हे म्हणायला तो कचरतो. मग खरं कारण बोललंच जात नाही आणि चर्चा युनिटच्या दरावर अडून राहते. गाडी कुणाच्या नावावर, हप्ता कुणाच्या खात्यातून आणि किल्ली कुणाच्या हातात, ही तीन उत्तरं वेगवेगळी असतील तर ज्याच्या खात्यातून हप्ता जातो त्याचा शब्द शेवटचा नसला तरी बरोबरीचा हवाच.

तेव्हा एका कागदावर दोन आकडे लिहावेत. पहिला, आपल्या किलोमीटरप्रमाणे सात-आठ वर्षांत वसूल होणारी रक्कम. उरलेला जास्तीचा पैसा हा दुसरा आकडा, आणि त्यापुढे 'हौस' असंच लिहावं. घरी चार्जिंगची सोय पक्की, महिन्याचं धावणं हजार किलोमीटरच्या वर, तुलना पेट्रोलशी, सीएनजीशी नव्हे, आणि जुनी गाडी तशीही बदलायचीच, एवढं जुळत असेल तर विजेची गाडी बेलाशक घ्यावी. यातली एखादी गोष्ट कमी असेल तरी घेता येईल, पण मग हौसेच्या आकड्याला दोघांचा मनापासून होकार हवा आणि तो पैसा अडीअडचणीला ठेवलेल्या रकमेतून किंवा मुलांच्या फीमधून येता कामा नये. एकाचाही होकार तोंडदेखला असेल, तर बुकिंग वर्षभर पुढे ढकलावं. तोवर गाड्या आणखी सुधारतील, आणि सोसायटीची एनओसीही कदाचित हाती आलेली असेल.