प्रार्थनेचा सूर, प्रीतीचे गाणे

अभंगाच्या चालीवर कुणी शृंगारिक लावणी म्हटली, तर आपल्या घरांतली वडील मंडळी काय म्हणतील? अमेरिकेतल्या रे चार्ल्स या अंध गायकाने १९५४ साली नेमके हेच केले. त्याची ध्वनिमुद्रिका ऐकली, की मला दर वेळी हाच प्रश्न पडतो.

रेचा जन्म १९३० सालचा, दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात. बालपण गेले शेजारच्या फ्लॉरिडात, दारिद्र्यात. धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत धुण्याच्या टबात बुडाला. सातव्या वर्षी ते डोळेही गेले. आई लोकांचे कपडे धुई; पण मुलाला तिने कधी लाचार होऊ दिले नाही. अंधशाळेत तो ब्रेल लिपीतून संगीत शिकला. एका हाताने वाचायचे, दुसऱ्याने पियानो वाजवायचा! १९४५ साली आईही गेली.

आरंभी तो नॅट किंग कोलची नक्कल करी. स्वतःचा गळा सापडला तो 'आय गॉट अ वूमन' या गाण्यात. चाल चर्चमधल्या भक्तिगीताची, शब्द मात्र प्रेयसीविषयीचे! भाविक संतापले. बिग बिल ब्रून्झीसारख्या जुन्या ब्लूज गायकालाही ही भेसळ रुचली नाही. पण भेसळ ती कसली? कीर्तनकारामागे टाळकरी धरतात, तशी त्याच्या ओळीला स्त्रियांच्या वृंदाची साथ. मध्येच फुटणारा आवाज, हुंदका, आरोळी. देवाला मारलेली हाक आणि माणसाला मारलेली हाक एकाच काळजातून निघते, एवढेच तो सांगत होता. पुढे या गायकीला 'सोल', म्हणजे आत्मा, असे नाव पडले.

१९६० साली त्याने गाइलेले 'जॉर्जिया ऑन माय माइंड' घरोघर पोचले. पुढच्याच वर्षी त्याच जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरी त्याचा कार्यक्रम ठरला. नाचाची जागा गोऱ्यांना, काळ्यांनी सज्जात बसावे, असा बेत कळताच त्याने गाण्यास नकार दिला. आयोजकाने दावा लावला. रेला ७५७ डॉलर भरावे लागले.

१९७९ साली जॉर्जियाच्या विधिमंडळाने रेला सन्मानाने बोलावून तेच गाणे ऐकले आणि त्याला राज्यगीताचा मान दिला. २००४ साली रे गेला. जन्मभूमीने दंड घेतला, मग गाणेही घेतले. सूर मात्र त्याने बदलला नाही.