पेलेट स्टोव्ह : राख, हवा आणि काही घट्ट गैरसमज

अमेरिकेतल्या मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशर या राज्यांत, कॅनडात किंवा उत्तर इटलीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची पहिल्याच हिवाळ्यात पेलेट स्टोव्हशी गाठ पडते. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या त्यात जळतात. त्यांत गोंद घालावा लागत नाही. लाकडातलंच लिग्निन उष्णतेनं मऊ होऊन भुसा घट्ट धरून ठेवतं. घरगुती वापराचा हा स्टोव्ह १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आकाराला आला. तो घडवणारे जेरी व्हिटफील्ड हे बोइंगमधले अभियंते होते.

ज्यांनी चूल किंवा शेगडी पाहिली आहे, त्यांना काचेआडची ज्योत ओळखीची वाटते आणि तिथूनच गफलत सुरू होते. चुलीला हवा चहूकडून आपोआप मिळते. पेलेट स्टोव्ह मात्र बंद पेटी आहे. वरच्या हॉपरमधून ऑगर नावाचं फिरतं मळसूत्र थोड्या थोड्या कांड्या बर्न पॉटमध्ये टाकतं, पॉटच्या छिद्रांतून हवा आत खेचली जाते आणि धूर बाहेर ढकलण्याचं काम एक पंखा करतो. धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर तो अवलंबून नाही. म्हणून ही आग जितकी लाकडाची, तितकीच हवेच्या वाटेची आहे. स्वच्छता करायची ती ही वाट मोकळी राहावी म्हणून.

गैरसमज : ‘आम्ही प्रीमियम पेलेट आणतो, राख जवळजवळ होतच नाही.’

हिशोब करून पाहू. अमेरिकी मानकानुसार प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राख जास्तीत जास्त एक टक्का असते. युरोपातल्या एनप्लस ए१ दर्जाची मर्यादा ०.७ टक्के आहे. चाळीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे अठरा किलोंच्या एका पोत्यामागे एक टक्क्यानं १८० ग्रॅम राख होते. थंड प्रदेशातल्या घराला हिवाळ्यात तीन अमेरिकी टन पेलेट लागले, तर ती सत्तावीस किलोंच्या आसपास जाते. बरं, ही राख पिठासारखी हलकी असते. ती सगळी खालच्या ट्रेमध्ये पडत नाही, वायूबरोबर उडत पुढे जाते आणि वायू जिथं वळतो, मंदावतो तिथं बसते : आगीमागच्या पत्र्याआड, उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर, खालच्या राखकप्प्यांत, पंख्याच्या पात्यांवर आणि बाहेर जाणाऱ्या नळाच्या टी-जोडात.

ट्रे रिकामा केला की स्टोव्ह साफ झाला, असं मानणाऱ्या घरांत ही आडवळणाची राख महिनोन्‌महिने साचते. ज्योतीकडे बघायला शिकलं की ते कळतं. हवा नीट मिळणारी ज्योत उजळ आणि चपळ असते. वाट तुंबली की ती उंच, आळसावलेली, गडद नारिंगी होते, टोकाला काजळी दिसते आणि काच काही तासांतच काळी पडते. अशा वेळी बरेच जण पेलेटचा पुरवठा वाढवतात. हवा आधीच कमी, त्यात जळण जास्त. काजळी दुप्पट होते. चूक कांड्यांची क्वचितच असते, पण दोष नेहमी त्यांच्या माथी येतो.

बर्न पॉट रोज किंवा फार तर दोन दिवसांनी बघावा, अर्थात स्टोव्ह पूर्ण थंड असताना. राख वितळून तिचे कडक खडे बनतात आणि छिद्रं बुजवतात. ते खरवडून प्रत्येक छिद्रातून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावं. आतल्या कप्प्यांची आणि नळ्यांची सफाई काही आठवड्यांनी, तर पंखा, नळ आणि टी-जोडाची सफाई निदान वर्षातून एकदा हवीच. नेमकं वेळापत्रक तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. यंत्राचा मागचा किंवा बाजूचा पत्रा उघडण्याआधी प्लग काढलेला असावा.

गैरसमज : ‘आग विझून रात्र उलटली, आता राख थंडच असणार.’

याबाबतीत आपल्या आज्या-पणज्या जास्त जाणत होत्या. काडेपेटी वाचवायची म्हणून रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवायची, हा घराघरांतला रिवाज होता. राख उष्णता धरून ठेवते आणि निखाऱ्याला अगदी थोडीच हवा लागू देते, म्हणून तो विझत नाही, हळूहळू जळत राहतो. अमेरिकेतली अग्निशमन दलं दर हिवाळ्यात हेच बजावतात : राखेतला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो.

तरीही कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कचरापेटीत राख ओतली जाते, ती गॅरेजमध्ये किंवा लाकडी डेकवर ठेवली जाते आणि मध्यरात्री वाऱ्याची झुळूक आली की पेट घेते. राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यातच भरावी. डबा घराबाहेर, काँक्रीट किंवा मातीसारख्या न जळणाऱ्या जागेवर, घरापासून आणि डेकपासून किमान दहा फूट लांब ठेवावा. हाताला गार लागली, ही खात्री नव्हे. गार लागते ती वरची राख.

गैरसमज : ‘व्हॅक्यूम क्लिनरनं दोन मिनिटांत काम होतं.’

घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लिनरनं राख ओढणं हा या सगळ्या गैरसमजांतला मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो करणारा माणूस आपण नीटनेटकेपणा करतोय असंच समजत असतो. एखादा लपलेला निखारा नळीतून पिशवीत गेला की तिथं त्याला हवेचा जोराचा झोत आणि जळायला धूळ, केस, कागद असं सगळं आयतं मिळतं. यंत्र बंद करून कपाटात ठेवल्यावरही आग लागू शकते. निखारा नसला, तरी बारीक राख साध्या गाळणीतून आरपार जाते आणि मागच्या बाजूनं खोलीभर फवारली जाते. ती श्वासात जाते आणि मोटारही खराब करते. राखेसाठी वेगळा व्हॅक्यूम मिळतो. त्याचा डबा आणि नळी धातूची असते आणि गाळणी बारीक कणांसाठी केलेली असते. तोसुद्धा थंड राखेवरच वापरावा. सफाई करताना तोंडावर मास्क असू द्या.

गैरसमज : ‘धूर दिसत नाही, म्हणजे विषारी वायू नाही.’

कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आपण अनेकदा वाचल्या आहेत. वायू तोच आहे.

इथं स्टोव्हच्या रचनेतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या अलीकडे, म्हणजे आगीच्या पेटीत, दाब खोलीपेक्षा कमी असतो. तिथं दाराचं गॅस्केट झिजलं, तर स्टोव्ह चालू असताना खोलीतली हवा आत खेचली जाते आणि ज्योत बिघडते. पंख्याच्या पलीकडे, बाहेर जाणाऱ्या नळात, दाब खोलीपेक्षा जास्त असतो. तिथला जोड सैल झाला की वायू थेट खोलीत येतो. म्हणून सफाईसाठी नळ सुटा केला, तर जोडताना प्रत्येक सांधा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा सीलबंद करावा लागतो. नळही पेलेट स्टोव्हसाठी प्रमाणित असलेलाच हवा. कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पातळ नळ कधीही लावू नये.

प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणं घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकदम जाणवली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-तापाचा अंदाज बांधत बसू नका. सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं आणि मग आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. फक्त खिडकी उघडून पुन्हा झोपणं हा उपाय नाही.

जाता जाता आणखी एक, फारसं ठाऊक नसलेलं : हा वायू न जळलेल्या पेलेटमधूनही सुटतो. लाकडातल्या तेलकट घटकांची हवेशी हळूहळू प्रक्रिया होते, त्यातून तो तयार होतो. २००६ साली स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात, कॅनडातून पेलेट घेऊन आलेल्या ‘सागा स्प्रे’ या जहाजावर मालाच्या कोठाराला लागून असलेल्या जिन्यात एका खलाशाचा याच कारणानं मृत्यू झाला. गॅरेजमधल्या थोड्या पोत्यांची भीती बाळगायला नको. पण युरोपात ज्या घरांच्या तळघरात टनावारी सुटे पेलेट साठवलेले असतात, त्यांनी त्या बंद कोठीत हवा खेळती केल्याशिवाय आणि एकट्यानं उतरू नये.

गैरसमज : ‘पेलेटनं धुराडं घाण होत नाही.’

अर्धं खरं. ओलसर लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हच्या मानानं इथं डांबरासारखा क्रिओसोट फार कमी साचतो. पण हवा अपुरी पडली की काजळी आणि क्रिओसोट दोन्ही जमतात, शिवाय उडती राख असतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं मानक धुराडी आणि धूरनळ वर्षातून एकदा तपासून घ्यायला सांगतं. त्यातून पेलेट स्टोव्ह सुटत नाही. भिंतीतून आडव्या निघालेल्या नळाचं तोंड हिमवादळात बर्फाखाली जातं. बर्फ थांबला की गाडीआधी ते मोकळं करावं.

गैरसमज : ‘सेफ्टी स्विच उगाच त्रास देतो, बायपास केला की काम भागतं.’

दाब मोजणारा एक छोटा स्विच असतो. आतली ओढ कमी झाली, दार उघडं राहिलं किंवा नळ तुंबला, की तो ऑगर थांबवतो. स्टोव्ह वारंवार बंद पडू लागला की काही जण दोन तारा जोडून हा स्विच निकामी करतात. म्हणजे वाट तुंबलेली आहे हे सांगणाऱ्याचं तोंड बंद करून आगीला जळण पुरवत राहायचं. हे कोणत्याही कारणानं करू नये. बहुतेक वेळा दोष राखेचा असतो. कधी स्विचकडे जाणारी बारीक रबरी नळीच राखेनं बुजलेली असते. ती स्विचपासून काढून मगच फुंकावी. जोडलेल्या अवस्थेत फुंकलं, तर स्विचचा पडदा फाटतो.

गैरसमज : ‘पेटला नाही, तर पुन्हा बटण दाबायचं.’

पहिल्या प्रयत्नात पेटला नाही, तर पॉटमध्ये न जळलेल्या कांड्यांचा ढीग राहतो. तसंच पुन्हा सुरू केलं, तर दुसरा हप्ता त्यावर पडतो, सगळं धुमसू लागतं आणि पेटी दाट पांढऱ्या धुरानं भरते. हा धूर म्हणजे जळण्याजोगा वायू. तो एकदम पेटला की धडाका होतो, कधी काचही फुटते. पेटी धुरानं भरलेली दिसली, तर दार उघडू नका, प्लग काढू नका, पंख्याला धूर बाहेर टाकू द्या आणि स्वतः लांब उभे राहा. पूर्ण थंड झाल्यावर पॉट रिकामा करूनच पुन्हा पेटवा. या कांड्या परत हॉपरमध्ये टाकू नयेत, त्यांत निखारा असू शकतो. रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट शिंपडून स्टोव्ह पेटवण्याचा विचारही नको.

याच कारणासाठी स्टोव्ह प्लग ओढून बंद करायचा नसतो. बटणानं बंद केल्यावरही पंखा बराच वेळ चालतो, कारण पॉटमधलं उरलेलं जळण संपायचं असतं. वीज गेल्यावर मात्र पंखा थांबतोच आणि थोडा धूर घरात येऊ शकतो. बर्फाच्या वादळात तारा तुटणाऱ्या भागात राहत असाल, तर बॅटरीचा आधार घेणं योग्य. नळ काही फूट सरळ वर नेलेला असला, तर वीज गेल्यावरही नैसर्गिक ओढीनं बराचसा धूर बाहेर जातो. स्टोव्ह बसवून घेतानाच हे बोलून ठेवावं.

काचेबद्दल थोडक्यात : ती उष्णता सोसणारी सिरॅमिक काच असते, तरी तापलेली असताना तिच्यावर ओलं फडकं लावू नये. पेलेट कोरडेच राहायला हवेत. पाणी लागलं की कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि ऑगर अडकतो. रंगवलेलं लाकूड, कचरा किंवा मका या स्टोव्हसाठी नाही. मक्यासाठी वेगळी मॉडेलं असतात. राख बागेत टाकता येते, कारण तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. न्यू इंग्लंडच्या आम्लधर्मी मातीला ती मानवते, पण ब्लूबेरी आणि अझेलियाला नाही.

शेवटचा गैरसमज वेळेचा आहे. ‘मोठी सफाई ऑक्टोबरात, थंडीआधी करू.’ राख हवेतली ओल शोषून घेते आणि उन्हाळ्यातल्या दमट महिन्यांत आतला पत्रा गंजवते. म्हणून मोठी सफाई वसंतात, शेवटची आग विझल्यावर करावी. हॉपर आणि ऑगरमधल्या कांड्या संपवाव्यात, कप्पे, पंखा आणि नळ साफ करावा, गॅस्केट तपासावं. बाहेरच्या तोंडाशी पक्षी घरटं बांधतात, तेव्हा उन्हाळ्यापुरतं ते झाकायचं असेल तर जरूर झाका. मात्र प्लग काढून ठेवा आणि त्याला ठळक अक्षरांतली चिठ्ठी बांधा : आधी बाहेरचं झाकण काढा.